पत्रकाची मागची बाजू

तुम्ही दुसऱ्या माणसाच्या पायाकडे शेवटचं नीट कधी बघितलंत? नमस्कार करताना बघितलं, असं सांगू नका. तेव्हा आपण वाकतो, हात लावल्यासारखं करतो आणि उठतो. मी विचारतेय ते बघणं वेगळं. कुठलं बोट कुठल्या बोटावर चढलंय, टाच कुठल्या बाजूने झिजलीय, माणूस कुठल्या पायावर भार टाकतो आणि कुठला वाचवतो, ते बघणं. मी सव्वीस वर्षांची होईपर्यंत कुणाकडेही असं बघितलं नव्हतं. आणि तोपर्यंत मी कष्टकऱ्यांवर, अनवाणी माणसांवर, चालणाऱ्यांच्या हक्कांवर निदान तीस पत्रकं लिहिली होती.

मालनआक्का माणसाचं तोंड बघण्याआधी पाय बघतात. मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की ते किती जिवावर येऊन केलंय हे तुम्हाला कळेल.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरओळख केली ती त्या पत्रकांवर. आबांचा एक नियम होता. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं आणि ज्या शब्दावाचून अडत नाही तो काढून टाकायचा. पुढे मी लिहायला लागले तेव्हा माझं प्रत्येक पत्रक आधी त्यांच्याकडे जायचं. ते चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि म्हणत, "ठीक आहे. लांबलंय." याहून जास्त त्यांनी मला कधी काही दिलं नाही, आणि मी त्या जास्तीच्याच आशेवर लिहीत राहिले.

मग साखरेनं आबांच्या उजव्या पायाची दोन बोटं नेली. जखम भरली, पण पाय विचित्र झाला. पुढे अरुंद, मध्ये सुजलेला, तळव्याला स्पर्श कळेना. दुकानातले सगळे बूट, सगळ्या खास सँडल घालून झाल्या. एक पुढून निसटायची, दुसरी घोट्याला कापायची आणि आबांना ते कळायचंच नाही. मोज्यावर रक्त दिसलं की आम्हाला कळायचं. उभा जन्म मोर्च्यात चाललेला माणूस सव्वा वर्ष खिडकीशी बसून राहिला.

कुणीतरी आक्कांचं नाव सांगितलं. सुभाषनगरच्या एका बोळात, दोन खोल्यांचं घर. बाहेर पाटी नाही. आतल्या खोलीत खिडकीखाली त्यांची बैठक: पुढ्यात दगडी पाटा, उजव्या हाताशी चामडं कापायची रापी, डाव्या हाताशी भोकं पाडायची आरी आणि दोऱ्याचं रीळ. त्यांच्या घरात पुरुष तळ कापायचे आणि बायका चपलेच्या वेण्या विणायच्या. नवरा गेल्यावर आक्कांनी रापी उचलली, आणि बाजारातल्या चपलेशी ज्यांचं जमत नाही अशा पायांचंच काम धरलं.

आबांना मी रिक्षातून नेलं. आक्कांनी मान वर केली नाही. आबांच्या पायाकडे बघितलं आणि तांब्या-भांडं पुढे सरकवलं.

"पावणं, पाणी प्या आधी."

आबांनी पाणी प्यायलं. आक्कांनी फरशीवर कागद पसरला.

"आता उभं ऱ्हावा."

"उभं राहता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, बाई?"

"बसल्यावर पाय खोटं बोलतोय. भार पडला की खरं सांगतोय. धरा माझ्या खांद्याला."

मी पुढे झाले. घरात आबांना आधार द्यायला गेले की ते माझा हात झटकून टाकत, भिंत धरत. इथे त्यांनी मला डोळ्यांनी थांबवलं आणि त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर पंजा टेकून उभे राहिले. आक्कांनी निळ्या पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली, इतकी दाबून की कागद फाटतोय असं वाटावं. मग म्हणाल्या, "आता बसा दिवसभर. सांजंला पाय फुगंल, तवा तांबडी रेघ मारू. चप्पल दोन्ही रेघांच्या मधी बसाय पायजे."

म्हणजे त्यांच्याकडे माप द्यायला गेलेला माणूस दिवसभर त्यांच्याच घरी. जेवायला भाकरी, दुपारी चहा. कुणाच्या घोट्याची काय कथा, कुणाला कुठल्या लग्नात चप्पल काढायची लाज वाटली, हे सगळं तिथे बाहेर पडायचं. मी सभेत माणसांना बोलतं करायला माईक घेऊन फिरायचे. आक्का नुसत्या वेणी विणत बसायच्या.

बारा दिवसांनी आबांचे बूट झाले. वरून साधे, तपकिरी, बंदाऐवजी रुंद पट्टा. आतून मेंढीचं मऊ चामडं, गेलेल्या बोटांच्या जागी कापसाची गादी, आणि आत एकही शिवण नाही. आक्कांनी बूट देण्याआधी त्यात आपला हात घातला, पालथा, आणि बराच वेळ फिरवत राहिल्या.

"काय शोधालाय?" आबांनी विचारलं.

"तुमच्या पायाला कळत न्हाय न्हवं? मग माझ्या हाताला कळाय पायजे."

घरी आल्यावर आबांनी तो बूट मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला, आत बोट फिरवलं. चष्मा कपाळावर चढवला. मी ते बघत होते. मला ती खूण माहीत होती.

"यात एक शब्द जास्त नाही बघ," आबा म्हणाले.

मला वाटतं हेव्याची जी काय जागा शरीरात असते, ती मला त्या दिवशी सापडली. बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला.

आबा चालायला लागले. कुठे? आक्कांकडे. रोज दहाला निघत आणि पाच गल्ल्या ओलांडून त्यांच्या खोलीत जाऊन बसत. दोरा मेणात घोळून देत, पेपर वाचून दाखवत. घरी आले की पायांच्याच गोष्टी. मी नवं पत्रक दाखवलं तर म्हणत, "ठेव तिथं. आज काय झालं ऐक."

मी ऐकायला म्हणून जायला लागले आणि भांडायला म्हणून बसायला लागले. आक्का मला 'पत्रकवाली' म्हणायच्या. मी म्हटलं, तुमच्या कारागिरीला समाजानं काय किंमत दिली यावर तुम्ही सभेत बोललं पाहिजे. त्या म्हणाल्या, "तू लई छापल्यागत बोलतीस गं. जरा शिवल्यागत बोल की."

पेठ वडगावची एक मुलगी आली होती, लग्न ठरलेली. डाव्या पायाला सहा बोटं. तिला सहावं बोट झाकेल अशी बंद मोजडी हवी होती. सासरी कुणाला माहीत नव्हतं. मी तिला पंधरा मिनिटं समजावलं. शरीराची लाज कशी लादली जाते, ती कुणी लादली, आपण ती कशी नाकारायची. मुलगी मान हलवत राहिली आणि बघत राहिली आक्कांकडे. माझं संपल्यावर आक्कांनी एवढंच विचारलं, "बंद घातलीस की दुखतंय कुठं?"

मुलगी रडायलाच लागली. शाळेपासून दुखत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आक्कांनी तिला उघडी कोल्हापुरी करून दिली. चपलेच्या कडेला जो पातळ चामड्याचा कान असतो, तो डाव्या बाजूला बोटभर रुंद काढला आणि सहाव्या बोटाला टेकायला जागा दिली. दिसायचं तर दिसू दे. लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन पेढे द्यायला आली. "मीच सांगितलं त्यांना, साखरपुड्यादिवशी," म्हणाली. "पाय दुखत नव्हता, मग भ्यायचं काय?" पेढे आक्कांना दिले, आबांना दिले. मलाही एक दिला, पण ही कोण हे तिला आठवत नव्हतं.

आणि ते पाणी. सुरुवातीला मला तो पाहुणचार वाटला होता. पाहुणचार नव्हता, अट होती. कुरुंदवाडहून एक म्हातारे गृहस्थ गाडीतून आले. पांढरं धोतर, हत्तीपाय, बरोबर चालक. आक्कांनी तांब्या पुढे केला.

"नको, तहान नाही," ते म्हणाले.

"घोटभर तरी."

"नको म्हटलं ना. माप घ्या."

आक्कांनी तांब्या मागे घेतला आणि वेणीला हात घातला. "तहान न्हाय तर पायबी दुखत नसंल. या मग."

चामड्याचं काम करणाऱ्याच्या घरचं पाणी का नको असतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हातारे संतापून निघून गेले. मी आनंदाने उठून उभीच राहिले. "आक्का, यावर मी पत्रक काढते!"

"काड की. ते पानी पिणार हाय व्हय तुझं पत्रक वाचून?"

आठ दिवसांनी गाडी परत बोळाच्या तोंडाशी लागली. म्हातारे आत आले, भिंत धरून. आक्कांनी तांब्या पुढे केला. त्यांनी भांडं उचललं, सगळं पाणी प्यायलं, धोतराच्या सोग्याने मिशी पुसली. मी आक्कांच्या चेहऱ्यावर विजय शोधत होते. तिथे काही नव्हतं. त्यांनी कागद पसरला.

"उभं ऱ्हावा, पावणं. धरा माझ्या खांद्याला."

त्यांनी धरलं. मी या विषयावर आठ पत्रकं लिहिली होती.

आता त्या कागदाबद्दल. आबा रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचे, त्यावरून मी एक पत्रक काढलं होतं. मथळा होता 'रस्ता कुणाचा?' पिवळट लांबट कागद, एकाच बाजूला छापलेला. पायी चालणाऱ्याला जागा हवी, एवढीच मागणी. बरीच पत्रकं उरली. आक्का तोवर जुन्या दिनदर्शिकांच्या मागे मापं काढत होत्या. आबांनी मला न विचारता पत्रकांचा गठ्ठा नेऊन त्यांना दिला.

पुढे मी गेले तर माझा मथळा फरशीकडे तोंड करून पडलेला आणि त्यावर कुणाची तरी टाच.

"कागूद ब्येस हाय गं तुझा," आक्का म्हणाल्या. "रेघ पकडतोय."

मी हसले. काय करणार?

दिनदर्शिकांवरची जुनी मापं विरत चालली होती, तीही त्यांनी याच पानांवर उतरवून घेतली. एका पानावर एक पाय. सकाळची निळी रेघ, संध्याकाळची तांबडी. नाव कधीच नाही. माणसं आपला पाय लपवत जगतात, त्यावर नाव कशाला घालायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना नावाची गरज नव्हती. एव्हाना त्यांच्या डाव्या डोळ्यावर पडदा आला होता. उजव्याचं ऑपरेशन झालं होतं, पण उजेड पूर्ण परतला नव्हता. त्या पान हातात घेऊन दाबलेल्या रेघेवरून बोट फिरवत आणि माणूस ओळखत. दरवर्षीचं माप आधीच्या मापावर ठेवून पाय कुठे सरकलाय ते सांगत. ती पानं समोर धरून सून शुभांगीला शिकवणं सुरू झालं होतं. "डोळं हायत तवर हिला देऊन टाकायचं," म्हणायच्या. पानांचा गठ्ठा फळीवर असे, वर पायांची, खाली कोरी.

मी त्यांना एकदा म्हटलं, माझंही माप घ्या. त्यांनी माझ्या पायाकडे क्षणभर बघितलं. "तुझा पाय सरळ हाय. बाजारातलं घाल." मी घरी येऊन माझे पाय बराच वेळ बघत बसले. एकही दोष नाही. माणसाला आपल्या धड पायांचा राग येऊ शकतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

पुढच्या वर्षी त्याच मागणीसाठी बिंदू चौकात आम्ही सभा ठेवली. आदल्या दिवशी छापखान्याचं यंत्र बिघडलं. हातात एकही पत्रक नाही. मला फळीवरचा गठ्ठा आठवला. सकाळी गेले तेव्हा आक्का आणि शुभांगी चामडं आणायला गेल्या होत्या, दार लोटलेलं होतं. गठ्ठा मी खाली काढला.

इथे मी खोटं लिहू शकते. लिहू शकते की मला ती सगळी कोरी वाटली. नाही. मी वरची चार पानं उलटून बघितली. मागे पाय होते. खालची कोरी वेगळी काढायला पाच मिनिटं लागली असती. मी ती घालवली नाहीत. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: ही माझी पत्रकं आहेत, आणि ती लोकांच्या हातात जायला लिहिलीत, पायाखाली नाही. मी गठ्ठा काखेत मारला आणि दोन तासांत सगळा वाटून टाकला. कधी नव्हे ती माणसं हात पुढे करून घेत होती.

संध्याकाळी आबांना कळलं. ते ओरडले नाहीत.

"आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाचं काहीतरी वाटलंस," म्हणाले, "आणि ते नेमकं चोरलेलं."

दुसऱ्या दिवशी मी आक्कांपुढे जाऊन उभी राहिले. मोकळ्या फळीकडे त्यांची पाठ होती. मी पाठ करून आणलेला माफीनामा म्हटला. चांगला होता, लांबला होता.

"समदी वाटलीस?"

"सगळी."

"लोकांनी घेतली?"

"घेतली."

"वाचली?"

"माहीत नाही, आक्का."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

"चाळीस माणसं हायत त्यात. काही गेली, त्यांचंबी पाय हायत. मला वाचाय येत न्हाय, पोरी. त्येवढंच येतंय." मग थांबून म्हणाल्या, "जा. आण."

मी आणायला निघाले. चौकातल्या भेळवाल्याकडे सात मिळाली. एकावर चिंचेची चटणी सांडलेली. रिक्षाथांब्यावर पाच, एका गाडीची काच पुसायला ठेवलेली दोन, गटाराच्या कडेला चार. दारोदार फिरले, 'आमचं पत्रक परत द्या' म्हणत. लोक चेष्टा करायचे. "काय ताई, क्रांती रद्द झाली व्हय?" मिळेल ते पान मी संध्याकाळी आक्कांपुढे ठेवायचे. त्या बोट फिरवायच्या. "हा कुरुंदवाडचा. ही वडगावची पोर. हा तुझा बा." ज्या दिवशी आबांचा पाय सापडला त्या दिवशी मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून रडले, आणि मग आत गेले.

तिसऱ्या रविवारी एक रिक्षावाले मला शोधत चौकात आले. हातात पत्रक, नीट जपलेलं. मला धीर धरवेना.

"वाचलंत?"

"पुढचं न्हाय वाचलं, ताई. मागं पाय हाय की. माझ्या पायागतच, आखूड. मी ह्यावर पाय ठेवून बघितला." त्यांनी बूट काढला, पुढच्या निम्म्या भागात चिंध्या कोंबलेल्या होत्या. "ह्ये माप कोन घेतंय?"

माझ्या पत्रकाने जागचा हललेला हा पहिला माणूस, आणि हलला तो मागच्या बाजूने. मी त्यांना आक्कांकडे नेलं. त्यांनी पाणी प्यायलं. बरगडीखाली डाव्या बाजूला दुखलंच. ते थांबलेलं नाही. पण आता मी त्या जागेवर भार टाकून उभी राहू शकते.

गेल्या रविवारी गेले तेव्हा आक्का खिडकीखाली नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पेन्सील शुभांगीच्या हातात होती. आबा कागदावर उभे. त्यांचं आणखी एक बोट गेलंय. त्यांचा हात सवयीने आक्कांच्या खांद्यावर. आक्का डोळे मिटून पेन्सिलीचा आवाज ऐकत होत्या. "दाब की," म्हणाल्या. "अजून दाब. मला ऐकू याय पायजे." खालचा कागद कोरा होता, दोन्ही बाजूंनी. मी आणून दिलेला.

एकोणीस पाय अजून सापडलेले नाहीत. शुभांगीला शिकायचंय, आणि आक्कांच्या बोटांना अजून कळतंय तोवरच ते होणार आहे. म्हणून मी हे लिहितेय, आणि म्हणून तुमच्याकडे मागतेय. आपल्या घरातली रद्दी बघा, फळीवर अंथरलेले कागद बघा, गाडीच्या डिकीत बघा. पिवळट, लांबट पान, वर 'रस्ता कुणाचा?' सापडलं तर वाचू नका. उलटा. मागे निळी आणि तांबडी रेघ असेल तर घडी घालू नका, रेघ मोडते. मी दर रविवारी सकाळी बिंदू चौकात उभी असते, मला द्या. नाहीतर सरळ आक्कांच्या घरी घेऊन या, बोळात कुणीही दाखवेल. आत गेल्यावर तुमच्या पुढे तांब्या येईल. आधी पाणी प्या.